उतू गेलेली विहीर

शुक्रवारची दुपार. सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन आणि आमच्या लोअर परळच्या ऑफिसात नेहमीसारखी पळापळ. क्लायंट म्हणजे पैसे गुंतवायचं एक नवंकोरं ॲप. टार्गेट ऑडियन्स तुमच्या-माझ्यासारखा, एक तारखेला श्रीमंत आणि वीस तारखेला कफल्लक! इंग्रजी टीमनं कॅम्पेनचा शब्द आधीच पक्का केला होता. ‘गशर’. स्लाइडवरचं चित्रही झकास होतं. लाकडी मनोरा, त्यातून आभाळात उडालेला काळा तेलाचा खांब आणि खाली तेलात चिंब भिजून नाचणारी माणसं.

‘मराठीत एकच शब्द दे. पण धमाका पाहिजे,’ एवढं बोलून बॉस कॉफी आणायला गेला.

गशर म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. जमिनीत खोल भोक पाडताना तेलाचा साठा लागतो, आतल्या दाबानं तेल सुसाट वर येतं आणि थेट आभाळात उडतं, ती विहीर. पण याला मराठीत काय म्हणायचं? कारंजं? ते सोसायटीच्या बागेत असतं. फवारा? डासांसाठी. धबधबा? तो वरून खाली येतो, हे खालून वर जातं. झरा म्हटलं तर फारच गरीब. ‘उसळी’ लिहून बघितलं तर मला मिसळच आठवायला लागली.

शेवटी पनवेलला फोन लावला.

‘बाबा, गशरला मराठीत काय म्हणतात हो?’

‘कशाला पाहिजे?’

‘जाहिरातीत वापरायचाय. छप्पर फाडके पैसा वगैरे.’

पलीकडे शांतता. बाबांच्या फोनवर ती असतेच. नेटवर्क गेलं असं समजून नवीन माणूस ‘हॅलो हॅलो’ करत बसतो.

‘आम्ही तो शब्द वापरत नव्हतो,’ बाबा म्हणाले.

‘मग काय म्हणायचात?’

‘ब्लोआउट. आणि तोसुद्धा रिगवर कुणी उगाच तोंडातून काढत नाही. घे, आईशी बोल.’

झालं. ‘घे, आईशी बोल’ म्हणजे आमच्या घरात संभाषण समाप्त!

चिखलाचे इंजिनिअर

बाबा ३४ वर्षं समुद्रातल्या तेलाच्या रिगवर होते. मुंबईच्या पश्चिमेला, साधारण १६० किलोमीटरवर, जिथं १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजावजा रिगला तेल लागलं, त्या भागात. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टर. ऐकायला कसलं भारी वाटतं ना? मलाही वाटायचं. मग पाचवीत ‘माझे बाबा’ असा निबंध आला. बाबा एम.एस्सी. केमिस्ट्री, पद केमिस्टचं, पण रिगवर सगळे त्यांना मड इंजिनिअर म्हणायचे. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘माझे बाबा चिखलाचे इंजिनिअर आहेत.’ बाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि अख्खा वर्ग फुटला. त्यानंतर वर्षभर मी सांगताना नुसतंच ‘इंजिनिअर’ म्हणायचे, चिखल गाळून.

दर चौदा दिवसांनी बाबा घरी आले, की मी दारातच विचारायची, ‘काय झालं या वेळी?’ वादळ, शार्क, व्हेल, समुद्री चाचे, काहीही चाललं असतं. बाबा बूट काढता काढता म्हणायचे, ‘काही नाही.’

दर वेळी. ‘काही नाही.’ एवढा मोठा समुद्र आणि माझ्या बाबांना त्यात काही म्हणजे काहीच दिसत नाही, असं माझं लहानपणी ठाम मत झालं होतं. खरं सांगायचं तर परवापर्यंत ते फारसं बदललेलं नव्हतं.

आधी माणसं, मग विहिरी

रात्री चिडून डिक्शनऱ्या उघडून बसले. कॉपीरायटरचा अहंकार म्हणा. आणि मजाच सापडली.

मूळ इंग्रजी क्रियापद ‘गश’. साधारण १४०० सालापासूनचं. तेव्हा ते तेलासाठी नव्हतंच, जखमेतून उडणाऱ्या रक्तासाठी आणि जोरात निघणाऱ्या पाण्यासाठी होतं. भाषेचे अभ्यासक म्हणतात, की हा बहुधा आवाजावरून तयार झालेला शब्द असावा. आपलं ‘भळभळ’, ‘घळघळ’, ‘भसाभस’ कसं, तसंच! दुसरी शक्यता म्हणजे तो जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गुसा’वरून आला. त्याच घराण्यातला आणखी एक शब्द तुम्हाला माहीत आहे. गीझर! आइसलंडमध्ये ‘गेसिर’ नावाचा उकळत्या पाण्याचा उसळता झरा आहे. त्याच्या नावावरून जगातले सगळे असे झरे गीझर झाले आणि पुढे तो आपल्या बाथरूममध्ये येऊन भिंतीवर बसला.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘गशर’ हे नाम आधी विहिरीसाठी नव्हतं, माणसासाठी होतं. १८६०च्या दशकात इंग्रजीत गशर म्हणजे भरभरून आणि अंमळ जास्तच बोलणारी व्यक्ती. कौतुक करायला लागली की थांबतच नाही, अशी. तेलाच्या विहिरीला तो शब्द १८८०च्या दशकात चिकटला.

आरशात बघावं तसं झालं. ऑफिसात कुणी नवीन बॅग आणली तरी ‘अय्या, कसली सॉलिड!’ करत मीच आधी धावते. जेवायला गेले की आधी पोस्ट, मग पहिला घास. आमच्या घरात गशर होताच, फक्त तो मी होते.

म्हणजे विहिरी उडायला लागल्या त्याच्या बऱ्याच नंतर त्यांना हे नाव मिळालं. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकच्या विहिरीत जेमतेम ७० फुटांवर तेल लागलं, ते निमूटपणे पंपानं उपसलं गेलं. पण १७ एप्रिल १८६१ला तिथून जवळच ऑइल क्रीकच्या काठी हेन्री राउसच्या जागेतली एक विहीर उसळली. तेलाबरोबर गॅस आला, त्याला ठिणगी मिळाली आणि १९ माणसं गेली. त्यात राउस स्वतः होता. तेव्हा अशा विहिरींना अमेरिकेत साधेपणानं ‘वाहती विहीर’ म्हणत.

तिकडे कास्पियन समुद्राच्या काठी, बाकूला, रशियन लोक याला ‘फोंतान’ म्हणत. म्हणजे चक्क कारंजं! १८८३ साली तिथल्या ‘द्रुझ्बा’ नावाच्या विहिरीचं असंच कारंजं उडालं. द्रुझ्बा म्हणजे मैत्री. तेल शेजारपाजारच्या जागांवर पसरलं. त्या काळात बाकूला गेलेला ब्रिटिश लेखक चार्ल्स मार्विन यानं लिहून ठेवलंय, की एवढं तेल मिळूनही नुकसानभरपाईपायी मालक बुडाला. घ्या! मैत्रीत हिशेब नसतो म्हणतात, शेजाऱ्यांनी मात्र चोख केला.

तिकीट काढून बघायला आलेले लोक

मग हा शब्द एवढा गोजिरा कधी झाला? त्याचं श्रेय जातं स्पिंडलटॉपला.

टेक्ससमध्ये ब्यूमाँट गावाबाहेर एक बुटकी टेकडी होती. तिच्याखाली तेल आहे, असं पॅटिलो हिगिन्स नावाचा गृहस्थ वर्षानुवर्षं सांगत होता आणि लोक त्याला हसत होते. अखेर अँथनी लुकास नावाचा इंजिनिअर त्याच्या मदतीला आला. मूळचा आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटचा. प्रत्यक्ष भोक पाडायचं काम हॅमिल बंधूंचं. तिथली वाळू इतकी भुसभुशीत, की भोक सारखं ढासळायचं. नुसतं पाणी सोडून भागेना, म्हणून हॅमिलनी पाण्याऐवजी चिखल वापरला. गुरं डबक्यात फिरवून तो चिखल कालवला, अशी गोष्ट सांगतात.

१० जानेवारी १९०१. हजार फुटांच्या पुढे काम गेलेलं. अचानक भोकातून चिखल उकळून वर यायला लागला आणि मागोमाग टनावारी वजनाचे लोखंडी पाइप बाणासारखे बाहेर फेकले गेले. मग सगळं शांत. लोक चरफडत साफसफाईला लागले, तेवढ्यात स्फोटासारखा आवाज झाला. आधी चिखल, मग गॅस, मग तेल. दीडशे फुटांहून उंच. ते आवरायला नऊ दिवस लागले. रोजचं तेल अंदाजे एक लाख बॅरल आणि एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. करा हिशेब.

त्या नऊ दिवसांत गावोगावचे लोक तो खांब बघायला लोटले. फोटो निघाले, पेपरांत छापून आले. ‘लुकास गशर’ हे नाव जगभर झालं. पुढे सिनेमानं ते डोक्यात पक्कं बसवलं. १९५६च्या ‘जायंट’मध्ये जेम्स डीन तेलात न्हाऊन निघतो, तो सीन आठवतोय? आमच्या स्लाइडवरचं चित्र त्याच खानदानातलं. पण २००७चा ‘देअर विल बी ब्लड’ही आठवा. तिथंही विहीर उसळते, बाप तेलाकडे बघत राहतो आणि त्या दणक्यानं त्याच्या मुलाचे कान कायमचे जातात.

सगळ्यात मोठा अमेरिकन गशर कॅलिफोर्नियातला, लेकव्ह्यू. मार्च १९१० ते सप्टेंबर १९११, दीड वर्ष तो उडत होता. ९० लाख बॅरल तेल. त्यातलं निम्मंसुद्धा हाती लागलं नाही. बाकी जमिनीत मुरलं, हवेत उडालं.

रात्री दीड वाजता लॅपटॉपवर हा आकडा बघताना पहिल्यांदा डोक्यात आलं. अरे, हे तर सगळं सांडलेलं तेल आहे! आणि आम्ही ते पैशांच्या ॲपच्या जाहिरातीत घालतोय?

आईचा शब्द

शनिवारी सकाळी पनवेल. आई गॅसजवळ, बाबा पेपरात.

मी समोर बसून म्हटलं, ‘बाबा, चिखल म्हणजे नक्की काय करायचात तुम्ही?’

बत्तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारत होते. बाबांनी पेपर खाली ठेवला. हेही पहिल्यांदाच.

‘हे बघ,’ ते म्हणाले, ‘खाली तेल आणि गॅस दाबाखाली अडकलेले असतात. तू भोक पाडलंस, की त्यांना वर यायचंच असतं. त्यांना खाली कोण धरून ठेवतं? चिखल. पाइपमधून खाली सोडायचा, तो ड्रिलच्या टोकातून बाहेर पडतो आणि दगडाचा चुरा घेऊन बाजूनं वर येतो. पण मुख्य काम त्याचं वजन. हजारो फुटांचा चिखलाचा खांब आतल्या दाबावर बसलेला असतो.’

तो चिखल म्हणजे बेंटोनाइट माती, पाणी, रसायनं आणि वजनासाठी बराइटची पूड. आंध्रातल्या मंगमपेटला बराइटच्या मोठ्या खाणी आहेत. हवा तर पाण्याच्या दुप्पट जड करता येतो. हलका पडला तर विहीर वर येते. फार जड झाला तर खालचा दगड तडकतो, चिखल त्यात निघून जातो, खांब उतरतो आणि पुन्हा विहीर वर येते. बाबांनी ३४ वर्षं ही तारेवरची कसरत केली होती, दर काही तासांनी चिखल मोजत.

‘आणि चुकलं तर?’

‘आधी किक लागते. टाकीतल्या चिखलाची पातळी वाढायला लागते. आपण जेवढा सोडला त्याहून जास्त वर येतोय, म्हणजे खालून कुणीतरी आत शिरलंय. तेव्हा मिनिटं महत्त्वाची. बीओपी बंद करायचा, दाब मोजायचा, जास्त जड चिखल सोडून विहीर मारायची.’

मारायची! रिगवर हाच शब्द आहे. बीओपी म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहिरीच्या तोंडावरची अवाढव्य पोलादी झडप. १९२२ साली ह्यूस्टनच्या जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी तिचा भरवशाचा नमुना बनवला. गशरचा जमाना तिनं आणि चिखलानं मिळून संपवला.

‘संपवला’ म्हणजे नेहमीसाठी नाही. बाबा बोटं मोजायला लागले. १९९५, पासरलापुडी, आंध्रातलं गोदावरीचं खोरं, ६५ दिवस जळत होती. २०१०, मेक्सिकोच्या आखातातली डीपवॉटर होरायझन रिग, ११ जण गेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात जात राहिलं. २०२०, आसामात बागजान, मे महिन्यात उसळली, जूनमध्ये पेटली, आग विझवायला गेलेले दोघं गेले, आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला.

‘यातल्या कुठल्याही ठिकाणी उभं राहून कुणी गशर म्हणालं नसेल,’ बाबा म्हणाले. ‘तो लांबून बघणाऱ्यांचा शब्द आहे.’

तेवढ्यात आतून चर्रर आवाज आला. आई ओरडली, ‘गेलं! तुमच्या गप्पांच्या नादात दूध उतू गेलं!’ ओट्यावर पांढरा पूर. फडकं फिरवत आई म्हणाली, ‘तुमचा तो गशर म्हणजे हेच ना? उतू जाणं?’

मी बघतच राहिले. डिक्शनऱ्या झाल्या, गूगल झालं, आणि शब्द ओट्यावर होता! त्याला दोन्ही अर्थही आहेत. रथसप्तमीला आई अंगणात तुळशीसमोर दूध मुद्दाम उतू घालवते. ते शुभ असतं. पण तेव्हा भांडं एवढंसं असतं आणि आई समोर बसलेली असते. बाकीचे ३६४ दिवस उतू गेलेलं दूध म्हणजे नुकसान, वास आणि पुसापुशी.

२७ जुलै

बाबा एवढं बोलत होते, म्हणून मी धीर करून तो विषय काढला. २००५चा.

२६ जुलैचा पाऊस तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. मी सातवीत. लाइट नाही, मोबाइल बंद, घरात मी आणि आई, आणि बाबा समुद्रात. २७ तारखेला संध्याकाळी शेजारच्या काकांच्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली, मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मला आग. एका जखमी माणसाला उपचारासाठी तिथं उतरवायला आलेलं जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅसच्या पाइपवर आदळलं होतं. काही तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं गेली. नावं नंतर कळली. ती कळेपर्यंतची रात्र आई देवासमोर बसून होती आणि मी आईकडे बघत.

बाबा त्या प्लॅटफॉर्मवर नव्हते. काही मैलांवरच्या दुसऱ्या रिगवर होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसमार्फत निरोप आला, ‘ठीक आहे.’ आठवड्यानं बाबा आले. मी दारातच त्यांना मिठी मारून विचारलं, ‘बाबा, काय झालं?’ बाबा बूट काढत म्हणाले, ‘काही नाही. आईला चहा टाकायला सांग.’

मी त्या दिवशी बाबांवर जी रागावले, ती बहुतेक वीस वर्षं. आम्ही इथं मरतोय आणि यांना काहीच वाटत नाही?

‘तो ब्लोआउट नव्हता,’ बाबा शनिवारी म्हणाले. आधी तांत्रिक दुरुस्ती, मग पुढचं! ‘गॅसचा पाइप फुटला होता. आम्ही रेडिओ रूममध्ये ऐकत होतो सगळं. रात्रभर. त्यातल्या दोघांबरोबर मी जेवलेलो. आणि आमची विहीर चालू होती. चिखल सोडून कुठं जाता येत नाही.’

‘मग घरी आल्यावर सांगितलं का नाहीत?’

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘तू दारात उभी होतीस. पुढच्या चौदा दिवसांनी मला परत जायचं होतं. तुला काय सांगणार?’

आई ओटा पुसायची थांबली होती. तिलाही हे नवीन होतं.

मग मला तो हिशेब लागला. दर चौदा दिवसांनी दारात मिळणारं ते ‘काही नाही’. ते टाळणं नव्हतं. तो पूर्ण रिपोर्ट होता. विहीर आली नाही, कुणी गेलं नाही, तेल नळीतून गेलं, एक थेंब आभाळात उडाला नाही. माझ्या बाबांच्या कामात यापेक्षा मोठी बातमीच नसते. ज्या दिवशी सांगण्यासारखं काही घडतं, त्या दिवशी ते हरलेले असतात. आणि मी ३४ वर्षांच्या या स्कोअरला बोअरिंग म्हणत होते!

सोमवार

सोमवारी मी मराठीतून तो मनोरा आणि ती नाचणारी माणसं काढून टाकली. ओळ लिहिली, ‘उतू जाऊ देऊ नका. साठू द्या.’ मीटिंगमध्ये स्पिंडलटॉपपासून लेकव्ह्यूपर्यंत सगळं भडाभडा सांगितलं. शेवटी मी गशर ती गशरच. क्लायंट म्हणाला, ‘लाइन चांगली आहे, पण थोडी शांत नाही वाटत?’ मी म्हटलं, ‘वाटते ना!’ इंग्रजीत गशर राहिला. मराठीचं बघू म्हणाले.

रात्री पनवेलहून फोन आला. आमच्या घरात बाबा स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे आधी मी घाबरलेच.

‘काय झालं गं मीटिंगचं?’

माझ्याकडे सांगायला एक तासाचा मालमसाला होता. बॉसचा चेहरा, क्लायंटची जांभई, सगळं. पण आईनं मागून विचारलेलं ऐकू आलं, ‘सगळं ठीक आहे ना तिचं?’ आणि फोन धरून उभे असलेले बाबा मला दिसले.

‘काही नाही, बाबा,’ मी म्हटलं.

‘छान,’ बाबा म्हणाले. आणि चक्क आईला फोन न देता पुढे बोलत राहिले.